खंडेनवमीची हळद

मला कोणी विचारलं की नोकरीत तुम्ही काय कमावलंत, तर मी सांगते, एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, ते. लोक हसतात. त्यांना वाटतं बाईंची थट्टा चालली आहे. थट्टा नाही. तो प्रश्न मला अंधेरीच्या एका छापखान्यात विचारला गेला आणि त्याचं उत्तर होतं ‘नाही’. अगदी खरंखुरं ‘नाही’. ते दिलं असतं तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. मी दिलं नाही, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. छापखाना मरोळच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीत. तिथे बरीच मासिकं छापली जात, त्यातलं एक मोठं होतं, राज्यभर टपालाने घरोघरी जाणारं. मी रॅपर खोलीत होते. रॅपर खोली म्हणजे बायकांची खोली. अंकाला कागदाची पट्टी गुंडाळायची, पट्टीवर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी खळीने चिकटवायची, मग गठ्ठे बांधायचे. हात दिवसभर चिकट. कितीही धुतले तरी डब्यातल्या चपातीला खळीचा वास यायचाच. आमच्यात एक मावशी होत्या, सगळ्यांत जुन्या. खोली त्यांच्या शब्दावर चाले आणि तोंड त्यांचं कोणाच्या बापाला घाबरत नसे.

भिंतीपलीकडे मशीनखाना. तिथे बाई जात नसे. असा नियम कुठे लावलेला नव्हता, पण निरोप असला तर आम्ही दारात उभं राहून ओरडायचो आणि आतून कोणीतरी बाहेर यायचं. आत मोठं ऑफसेट मशीन होतं, एका टोकाला कागदाचं रीळ आणि दुसऱ्या टोकाला घडी होऊन पडणारी पानं. ते चालवणारे मशीनमन काका मालवणकडचे होते. सकाळी चपला दाराबाहेर काढून आत जायचे, मशीनच्या लोखंडाला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि मगच बटण दाबायचे. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल. मला तर फार आला होता.

मग साहेबांनी इंकजेट आणलं. साहेब म्हणजे छापखान्याचे मालक, पार्ल्याचे, शिकलेले, नव्या वस्तूंचा नाद असलेले. ऑफसेटमध्ये प्लेट एकदा चढवली की तेच पान शेवटपर्यंत निघतं, एक अक्षर बदलत नाही. साहेबांच्या डोक्यात आलं की पत्तासुद्धा त्याच फेरीत छापला तर रॅपरचं काम वाचेल. त्यासाठी मद्रासकडच्या एका इंजिनिअरने येऊन मशीनच्या शेवटच्या टोकाला, कागद घडीत शिरण्याआधी, एक हेड बसवलं. डब्याएवढं असेल नसेल. त्यातल्या बारीक भोकातून शाईचे थेंब उडायचे आणि खालून धावणाऱ्या प्रत्येक अंकाच्या पाठीवर वेगळं नाव उमटायचं. इंग्रजी मोठी अक्षरं, ठिपक्याठिपक्यांची. एक अंक चिपळूणचा, पुढचा नांदेडचा, त्यापुढचा वर्ध्याचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं सांगते, अंगावर काटा आला.

हेडला जोडलेला एक काँप्युटर होता आणि तो चालवायला टायपिंग येणारं माणूस हवं होतं. काकांनी कीबोर्डला हात लावायला साफ नकार दिला. पार्ल्यात मी टायपिंगचा क्लास केला होता आणि पुढे काँप्युटरचाही, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करणाऱ्या वडिलांच्या पगारातून. साहेबांनी रॅपर खोलीत येऊन विचारलं, कोणाला टायपिंग येतं का. मी हात वर केला. असा मी मशीनखान्यात पाय ठेवला. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, काकांसारख्याच.

रॅपर खोलीला ते आवडलं नाही, आणि का आवडावं? ज्या यंत्राने त्यांची चिकटवाचिकटवी जाणार तेच मी चालवणार होते. साहेबांनी सगळ्यांना त्याच खोलीत बाइंडिंगचं काम दिलं, कोणाला काढलं नाही, तरी मावशी महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आणि भिंतीच्या अलीकडे काका. त्यांचं मशीन भन्नाट पळायचं, पण हेडला तो वेग झेपत नसे. कागद जोरात गेला की अक्षरं लांबट व्हायची आणि पिनकोड फाटायचा. मग मी हात वर करायचे आणि काकांना वेग कमी करावा लागायचा. एवढं मोठं धूड त्या डबीसाठी हळू चालवायचं, आणि तेही एका पोरीने हात वर केला म्हणून. वेगाचं चाक फिरवताना ते माझ्याकडे पाठ करायचे.

अशात खंडेनवमी आली. कारखान्यांतून त्या दिवशी मशीनची पूजा होते, काम बंद असतं. मशीनखाना धुऊन पुसून लख्ख केलेला, झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, कोपऱ्यातल्या देवीच्या तसबिरीला नवा हार. शिऱ्याचा नैवेद्य दरवर्षी आम्हा बायकांकडे असायचा. मोठ्या पातेल्यात तो करायचा आणि मशीनखान्याच्या दारात नेऊन द्यायचा. त्या वर्षी मी पहिल्यांदाच दाराच्या आत होते. काकांनी सोवळं नेसून मशीनच्या प्रत्येक भागाला हळदकुंकू लावलं. मग ते हेडपाशी आले. मला वाटलं, हे काही त्याला हात लावणार नाहीत, त्याच्यावर त्यांचा एवढा राग. तर त्यांनी हेडचं झाकण उघडलं. झाकणाला कुंकू लावून काय उपयोग, म्हणाले, जे काम करतं त्याला लावायला हवं. आणि पाण्यात कालवलेली हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, असं सगळं साग्रसंगीत त्या बारीक भोकाच्या तोंडाशी लावलं. हात जोडले. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा ते हेड आपल्या मशीनचं मानलं होतं.

इंजिनिअरने जाताना बजावलं होतं की आत धूळ जाता कामा नये. पण हळदकुंकवाला कोणी धूळ म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि काम सुरू केलं तर हेड बिघडलेलं. आधी अक्षरांचे वरचे ठिपके गेले, मग सगळी ओळच तिरकी व्हायला लागली, आणि दुपारपर्यंत शाई कागदावर सोडून भलतीकडे उडायला लागली. मी मला येत होतं ते सगळं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. साहेबांनी मद्रासला ट्रंककॉल लावला. दिवाळी अंक तोंडावर होता, पत्ते हेडवरच काढायचे ठरले होते, आणि आता हाताने चिकटवायचे म्हटले तर अंक दिवाळीनंतर पोचला असता. साहेबांची वाट लागली होती. चेहरा पाहवत नव्हता.

त्या संध्याकाळी मावशी माझ्याजवळ आल्या आणि मला जिन्याखाली घेऊन गेल्या. त्या स्वतःहून आल्या नव्हत्या, त्यांना पाठवलं होतं. मशीनमन काकांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं, साहेबांची जीभ रेटेना म्हणून त्यांनी मावशींना पुढे केलं होतं.

“खंडेनवमीला तू बाहेरची होतीस का गं?” मावशींनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला कावळा शिवला होता का, विटाळशी असताना मी पूजेला मशीनजवळ उभी होते का, आणि म्हणून मशीन बंद पडलं का, असा तो प्रश्न होता. मशीनखान्यातल्या सगळ्या पुरुषांनी आपसात ही चर्चा केली होती. माझ्या अंगाची. चहा पिता पिता.

त्या दिवशी मला काहीही नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर खोटंही बोलावं लागलं नसतं. तोंडापर्यंत आलं होतं ते. पण आलं तसं मी गिळलं, कारण डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आज ‘नाही’ म्हटलं की पुढच्या महिन्यात परत विचारतील. शाई सांडली, कागद फाटला, रीळ तुटलं की विचारतील. आणि मी दर वेळी दारात उभी राहून माझी तारीख सांगून आत जाणार. मावशींना म्हटलं, सांगा त्यांना, मी उत्तर देणार नाही. मावशी म्हणाल्या, म्हणजे होतीस. मी म्हटलं, म्हणजे काहीच नाही, म्हणजे उत्तर देणार नाही एवढंच.

घरी आईला सांगितलं. पार्ल्याला चाळीत आमची एकच खोली. आई मात्र दर महिन्याला बाजूला बसणं पाळायची. आता त्या खोलीत बाजू होती कुठे? मोरीच्या कट्ट्यापासून पलंगापर्यंत चार पावलं, त्यात ती गोणपाटावर बसून राहायची आणि मी तिला वरून पाणी घालायचे. लहानपणापासून ते पाहिलेलं, त्याची चीड मनात होतीच. आई म्हणाली, “ ‘नाय’ म्हणून सांगून टाक गो. तुझा काय जाता त्येच्यात?”

काय जातं ते मला तिला समजावता आलं नाही. आपलं काय जातं हे आईला कोणी कधी विचारलंच नव्हतं, तर माझं काय जातं ते तिला कसं कळणार. त्या रात्री मला तिचाही राग आला आणि तिची दयाही आली.

इंजिनिअर आला. सगळे भोवती जमले. त्याने झाकण काढलं, हेड सोडवलं, भिंगातून बघितलं आणि बोट फिरवून वर धरलं. बोट पिवळं.

“ये क्या डाला है इसमें? हल्दी?” त्याने विचारलं.

मी सुटले असं मला वाटलं. खरंच वाटलं. जी शाई कागदावर जात नाही ती हेडमध्ये परत आत खेचली जाते, तिच्याबरोबर हळद आत गेली होती आणि सगळ्या बारीक नळ्या तुंबल्या होत्या. इतकं सरळ कारण. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले की हळद ते दरवर्षी लावत आलेत, त्यांच्या आधीच्या मशीनमननेही लावली, मशीन कधी बंद पडलं नाही. “या वर्षी वेगळं काय होतं, ते बघा,” ते साहेबांना म्हणाले. आणि वेगळं काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मोठ्या मशीनच्या लोखंडाला हळद लावली काय आणि न लावली काय, पण हेडच्या बारीक भोकाला ती चालत नाही, हे इंजिनिअरने हिंदीत समजावलं, साहेबांनी मराठीत समजावलं. काका मान डोलवत ऐकत होते आणि ऐकून झाल्यावर म्हणाले की ते सगळं ठीक आहे, पण ही सांगत का नाही? नसती तर सांगितलं नसतं का? एकदा ‘नाही’ म्हणू दे, मी आत्ता मशीन चालू करतो. नाहीतर ती उभी असताना मी बटण दाबणार नाही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते फार अवघडले होते, टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. म्हणाले, मला हे काही पटत नाही, पण माणूस जुना आहे, तू एक शब्द बोल आणि संपव. मी म्हटलं, नाही बोलणार. मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. काँप्युटरची केबल लांब करून घेऊ, म्हणाले, तू इथे केबिनमध्ये बस, इथूनच पत्ते सोड, मशीनखान्यात जायलाच नको. अगदी खुशीत आले होते, आपल्याला काय सुचलं म्हणून.

मला हसू आलं आणि मग संताप आला. मी विचारलं, केबिनमधून मला अक्षर कसं दिसणार? उन्हं चढली की शाई पातळ होते, ठिपके सरकतात, ते हेडपाशी उभं राहून डोळ्याने बघावं लागतं. पुसट पत्त्याचा अंक पोस्टमन कोणाला देणार? ते म्हणाले, अगं, थोडं सांभाळून घे ना. मी म्हटलं, “साहेब, मी परत रॅपर खोलीत जाते. दिवाळीपर्यंत खळ लावते, बोटं सोलवटली तरी लावते. पण केबल लांब करून मला बाजूला बसवू नका. आमच्या घरात एक बसते, तेवढी पुरे.”

मी बाहेर आले आणि सरळ रॅपर खोलीत जाऊन खळीचं भांडं ओढलं. कागदाच्या जुन्या पट्ट्या कोपऱ्यात पडून होत्या, त्या कापायला घेतल्या. रडू येत होतं पण रडले नाही, तेवढाही आनंद त्यांना द्यायचा नव्हता.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या, पदर खोचला आणि मशीनखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. साहेब तिथेच होते, काकाही होते. मावशी नेहमीच्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या गाळ्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या, “दर वर्षी शिरा आम्ही बायका करतो. एवढ्या बायका, त्यात दर वर्षी कोणी ना कोणी बाहेरची असतेच. मी स्वतः होते कितीदा. तुम्ही देवीला दाखवलात, वाटी चाटूनपुसून खाल्लात. तेव्हा नाही मशीन बंद पडलं?”

कोणीतरी खोकलं. काकांचा चेहरा असा झाला की मला त्या क्षणीसुद्धा त्यांची कीव आली. इतक्या वर्षांचा प्रसाद त्यांना आठवला असेल. मावशी परत येऊन आपल्या जागी बसल्या आणि मला म्हणाल्या की पट्टी वाकडी कापते आहेस, दे इकडे.

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा साहेबासारखं काहीतरी केलं. हेड साफ होऊन बसलं की मीच चालवणार, तिथेच उभी राहून चालवणार, आणि तो प्रश्न पुन्हा छापखान्यात कोणी कोणाला विचारायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काकांनी ऐकलं. हो म्हणाले नाहीत, पण नोकरी सोडूनही गेले नाहीत. इंजिनिअरने नळ्या धुतल्या, काही बदलल्या, आणि जाताना झाकणाला एक छोटं कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली.

दिवाळी अंकाच्या पत्त्यांचा दिवस उजाडला आणि सकाळी मला खरोखरच कावळा शिवला. आता कोणी विचारणार नव्हतं. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि बसमध्ये मी तसंच ठरवत होते. पण मरोळ येईपर्यंत ते मला झेपेना. गप्प राहणं म्हणजे लपवणं झालं असतं, आणि लपवायचंच होतं तर त्या दिवशी ‘नाही’ म्हणून का नाही मोकळी झाले? विचारल्यावर सांगायचं नव्हतं. आपणहून सांगायची गोष्ट वेगळी.

मी चपला काढल्या, आत गेले. काका रीळ चढवून तयार होते.

“काका,” मी म्हटलं, “आज माझा पहिला दिवस आहे. मी इथेच उभी राहणार आहे. चालू करूया.”

मला वाटलं, आता काका निघून जातील. त्यांनी कोनाड्यातून एक धुतलेला फडका घेतला, स्टूल ओढलं, वर चढले आणि देवीची तसबीर त्या फडक्याने झाकली. चारी कोपरे नीट खोचले. मग उतरून आपल्या जागी आले आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. कागद सुटला, हेडखालून पहिला अंक गेला, दुसरा गेला, नावं पडायला लागली. मी वाकून बघत होते. अक्षर स्वच्छ होतं, पिनकोड अख्खा होता, एकही ठिपका हललेला नव्हता. रत्नागिरी, बार्शी, भुसावळ, परत रत्नागिरी. वेग हळूहळू वाढत गेला तरी ओळ सरळ राहिली. तेव्हा मी तिथून निघाले, तेच स्टूल ओढलं, वर चढले आणि फडका काढला. मशीन चालूच होतं. खाली उतरून मी त्याची घडी केली आणि काकांच्या हातात दिली.

“बघू दे तिला,” मी म्हटलं. “तीही बाईच आहे.”

फडका खांद्यावर टाकून काका रिळाकडे गेले, आणि मी हेडजवळ जाऊन उभी राहिले.